पैठणचा खजिना



पैठणला जाऊन आलेली माणसे आपल्या गावात पुष्कळ आहेत. कुणी नाथषष्ठीला दिंडीबरोबर जातं, कुणी गोदावरीत स्नानाला जातं, तर कुणी धरण बघायला जातं. पण गर्दीत दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि पुढची एस.टी. पकडायची, एवढंच बहुधा होतं. शहर जुनं आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. किती जुनं आणि कशावरून, हे विचारलं की सगळे गप्प बसतात.

यंदा आमच्या सातवीच्या वर्गाची सहल पैठणला गेली, तेव्हा आम्ही शहर वेगळ्या रीतीने बघितले. आधी खजिना-शोधाचा खेळ खेळलो आणि मग मागावर बसून विणायला शिकलो. ते कसे केले आणि त्यातून काय कळले, ते या लेखात सांगते. आपल्यालाही असा खेळ आपल्या गावात खेळता येईल, म्हणून कृतीसुद्धा दिली आहे.

पैठण म्हणजे काय?

पैठण हे गोदावरीच्या काठावरचे शहर. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. त्याचे जुने नाव प्रतिष्ठान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांची ही राजधानी होती. त्या राजांपैकी हाल राजाने 'गाथासप्तशती' हा ग्रंथ जमवला असे मानतात. तो महाराष्ट्री प्राकृत भाषेत आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेतली कविता या राजांच्या काळात गायली जात होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले एक व्यापारी माहितीचे पुस्तक आहे. त्याचे नाव 'पेरिप्लस'. त्यात पैठणचे नाव येते. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात, असे त्यात लिहिले आहे. भडोच गुजरातेत आहे. तिथपर्यंत वीस दिवसांची वाट होती. आज आपण कांदा मार्केटला पाठवतो तसा त्या वेळी पैठणचा माल समुद्रापार जात होता.

आणखी एक खूण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. भिंतीवरच्या पंचांगात इसवी सनाच्या शेजारी 'शके' असे लिहिलेले असते. तो शालिवाहन शक. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून लढाई जिंकली, अशी दंतकथा आहे. कथा म्हणून ती ऐकायची. पण हिशेब खरा आहे. पाडव्यानंतर चालू इसवी सनातून ७८ वजा करा, शके मिळते. घरी गेल्यावर करून बघा.

खजिना-शोध कसा करतात?

या खेळात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे असते. वाट कुणी सांगत नाही. हातात एक चिठ्ठी असते आणि तिच्यात कोडे असते. कोडे सुटले की पुढची जागा कळते. तिथे गेले की पुढची चिठ्ठी मिळते. शेवटी खजिना.

आमच्या गुरुजींनी आधी स्वतः पैठणला जाऊन जागा पाहून ठेवल्या होत्या. वर्गाचे पाच गट केले. प्रत्येक गटात सहा जण आणि एक गटप्रमुख. प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस, म्हणजे कुणाचे वडील नाहीतर कुणाची मावशी. नियम चार होते:

१. पळायचे नाही. पैठणच्या गल्ल्या अरुंद आहेत.
२. प्रत्येक ठिकाणी तिथल्या एका माणसाला नमस्कार करून एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचे. वही कोरी असेल तर पुढची चिठ्ठी मिळणार नाही.
३. जमिनीवरचे काही उचलून आणायचे नाही. खापराचा तुकडासुद्धा नाही.
४. सगळा गट एकत्र पोचला तरच पोचला असे धरायचे.

चौथ्या नियमाने सगळ्यात जास्त भांडणे झाली आणि सगळ्यात जास्त मजाही आली.

पहिली चिठ्ठी

"पोट मोठे, तोंड गोल,
कावडी मोजून थकले लोक.
भरणारा गेला न सांगता,
ओळखा पाहू कोण होता?"

आमच्या गटातला एक मुलगा लगेच म्हणाला, "विहीर!" पण विहिरीला कावडीने पाणी कुणी भरत नाही. मग रांजण सुचला. आम्ही गावातल्या नाथांच्या वाड्यात गेलो. संत एकनाथ महाराजांचे हे राहते घर, आता मंदिर आहे. महाराजांचा काळ १५३३ ते १५९९ असा धरतात. त्यांनी भारुडे लिहिली, एकनाथी भागवत लिहिले, आणि ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. पुस्तक नकलून लिहायच्या काळात चुका शिरत, त्या शोधणे किती किचकट काम असेल! आमच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासतानाच बाई दमून जातात.

वाड्यात मोठा रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे नाथांच्या घरी कावडीने पाणी भरत होता आणि तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, अशी श्रद्धा आहे. आम्ही तिथल्या एका आजोबांना विचारले, "रांजण कधी भरतात?" ते म्हणाले, "तुकाराम बीजेला पूजा होते नि पाणी भरायला लागतात. षष्ठीला लाखो माणूस येतं बाळा, पण रांजण भरायला हात लावावा असं प्रत्येकाला वाटतं." हे वहीत लिहिले.

दुसरी चिठ्ठी

दुसऱ्या कोड्याचे उत्तर होते गोदावरी. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून १४६५ किलोमीटर वाहत ती आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. आम्हाला जायचे होते नागघाटावर. ज्ञानेश्वरांनी पैठणच्या पंडितांसमोर रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा याच घाटाशी जोडलेली आहे.

गुरुजींचा प्रश्न असा होता: शहर इथेच का वसले? आम्ही घाटावर बसून विचार केला. नदी आहे, म्हणजे पाणी आहे. काठाला काळी माती आहे, म्हणजे पीक आहे. इथून वाटा फुटतात. एक उत्तरेला भडोचकडे, एक पश्चिमेला कोकणातल्या बंदरांकडे. कोकणात उतरायची वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटातून जाते. सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख त्या घाटातल्या लेण्यात आहे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीचे पैसे टाकत असे सांगतात. पाणी, पीक आणि वाटा, तिन्ही एका ठिकाणी आली म्हणून पैठण झाले.

तिसरी चिठ्ठी

"वर चालते शेळी,
खाली झोपले घर.
नगरी झाली पालथी,
सांगा कुणाचा हा नगर?"

पैठणमध्ये एका भागाला 'पालथी नगरी' म्हणतात. तिथे पांढरीच्या मातीची टेकाडे आहेत. लोक म्हणतात, जुने शहर उलथून पडले. खरे कारण गुरुजींनी समजावले. पूर्वीची घरे मातीची असत. घर पडले की त्याच माती-विटांवर नवे घर उभे राही. असे शेकडो वर्षे झाले की जमीन उंच होत जाते. म्हणून टेकाडात सगळ्यात खाली सगळ्यात जुने आणि वर अलीकडचे सापडते. संशोधक खणतात तेव्हा थर मोजत मोजत खाली जातात. नाणी, मणी, खापरे कोणत्या थरात मिळाली त्यावरून काळ ठरवतात.

तिसरा नियम का होता, ते इथे कळले. खापराचा तुकडा आपण खिशात घातला की तो नुसता तुकडा राहतो. जागेवर असला तर तो साक्षीदार असतो. अशी जुनी वस्तू कुणाला दिसली तर ती न हलवता शाळेत किंवा ग्रामपंचायतीत सांगावे.

चौथी चिठ्ठी

"सत्तावीस दारे, घर एक,
कडी नाही, कोयंडा नाही.
उघडली तर पाहुणा
आत येत नाही, बाहेर जाई."

हे सगळ्यांनी पटकन ओळखले. जायकवाडीचे धरण! त्याला २७ दरवाजे आहेत. मातीचा बांध सुमारे १० किलोमीटर लांब आहे. पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. धरण आहे पैठणला, मग नाव जायकवाडी का? तर ते आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचे ठरले होते. पुढे जागा बदलली, नाव तेच राहिले. धरणामागच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. याच धरणाचा डावा कालवा आपल्या अंबड तालुक्यातून जातो. आपल्या शिवारातला ऊस त्यावरच उभा आहे.

या चिठ्ठीतला प्रश्न मात्र पैठणात सुटणारा नव्हता. लिहिले होते: "नाथसागराच्या जागी पूर्वी काय होते? घरी जाऊन विचारा." त्याचे उत्तर पुढे सांगते.

पाचवी चिठ्ठी आणि खजिना

"उलट कोणती, सुलट कोणती,
दोन्ही तोंडे सारखी.
नाव माझे गावावरून,
करा माझी पारखी."

उत्तर: पैठणी. आम्ही पैठणी विणतात त्या केंद्रात पोचलो. तिथे आमच्यासाठी पत्र्याची एक पेटी ठेवलेली होती. काहींना वाटले चॉकलेट असेल. पेटी उघडली तर आत पुठ्ठ्याचे तुकडे, रंगीत लोकर आणि जाड सुया! सगळ्यांची तोंडे उतरली. गुरुजी म्हणाले, "हा खजिना अजून व्हायचा आहे. तो तुम्ही करायचा."

एका विणकर मावशींनी आम्हाला शिकवले. त्यांनी आधी स्वतःचा माग दाखवला. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यातून आडवा जातो तो बाणा. पायाखालच्या पावड्या दाबल्या की ताण्याचे निम्मे धागे वर उचलतात, निम्मे खाली राहतात, आणि मधून धोटा जायला वाट होते. मग फणीने ठोकून बाणा घट्ट बसवायचा. रेशीम बंगळूरकडून येते, जर सुरतेहून. पूर्वी जर खऱ्या सोन्याचांदीची असे.

पदरावरचा मोर मात्र धोट्याने होत नाही. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. मोराची मान निळी, चोच लाल, पाठीमागे जर. निळा धागा आपल्या हद्दीपर्यंत जायचा, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायचा आणि परत फिरायचा. एका ओळीत कितीतरी कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. धागे पाठीमागे मोकळे सोडत नाहीत, म्हणून पैठणीची दोन्ही अंगे सारखी दिसतात. मोर, पोपटासारखी मुनिया, कमळ, नारळी अशी नावे असलेली नक्षी वर्षानुवर्षे चालत आली आहे.

मावशींनी पदर उलटून दाखवला आणि म्हणाल्या, "फरक दिसला तर सांग बरं." मला दिसला नाही. मग त्यांनी यंत्रावरच्या साडीचा तुकडा दाखवला. त्याच्या मागे सुटे धागे लोंबत होते. त्या म्हणाल्या, "ही साडी वाईट नाही. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण ती हातमागाची म्हणून विकली की माझा दिवस फुकट जातो." पालकांनी हे लक्षात ठेवावे. लग्नाच्या बस्त्यात कुणी हातमागाची पैठणी म्हणून किंमत सांगितली, तर आधी पदर उलटून बघावा.

आमचा छोटा माग

कृती अशी. २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद जाड पुठ्ठा घ्या. वरच्या व खालच्या काठाला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर कात्रीने खाचा पाडा. या खाचांतून पक्का दोरा वरून खाली, खालून वर असा ताणून बांधा. हा झाला ताणा. जाड सुईत लोकर ओवा. एक दोरा सोडून एक, असे वरून-खालून न्या. परत येताना उलट करा. तीन-चार ओळी झाल्या की केसांच्या जुन्या फणीने खाली दाबा. दोन रंग शेजारी हवे असतील तर जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवा. नाहीतर मध्ये फट पडते. कडेला फार ओढू नका. ओढले की पट्टी मधेच कंबर आवळल्यासारखी होते.

मी दीड तासात १० सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर लांब पट्टी विणली. शाळेत आल्यावर गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. साडी साडेपाच मीटर, म्हणजे ५५० सेंटिमीटर. ४ सेंटिमीटरला दीड तास, तर ५५० ला सुमारे २०६ तास. पण माझी पट्टी १० सेंटिमीटर रुंद आणि साडी सुमारे ११५ सेंटिमीटर. म्हणजे साडेअकरा पट. उत्तर आले सुमारे २,३७० तास! रोज आठ तास बसले तर जवळजवळ ३०० दिवस. आणि तेही जाड लोकरीने. मावशींचे हात सरावलेले आहेत, पण त्यांचा धागा केसासारखा बारीक. साधी पैठणी महिना-दीड महिन्यात होते, भरगच्च पदराची असेल तर वर्षसुद्धा लागते असे त्यांनी सांगितले. गणित सोडवून झाल्यावर वर्गात कुणीच "एवढी महाग का?" असे विचारले नाही.

आम्ही त्यांना विचारले, "मावशी, तुमच्या मुली शिकल्या का विणायला?" त्या म्हणाल्या, "दोघी शाळेत जातात. मागावर बसायचं की नाही ते त्या ठरवतील. मी शिकवायला तयार आहे. शिकणारं कुणीतरी पाहिजे."

चौथ्या प्रश्नाचे उत्तर

घरी येऊन मी आजीला विचारले, "आजी, नाथसागराच्या जागी पूर्वी काय होतं गं?" आजी म्हणाली, "माझं माहेर होतं." मला हे ठाऊकच नव्हते. धरणात शंभराहून जास्त गावे गेली, त्यांतले एक आजीचे. पाणी चढले तेव्हा तिचे लग्न होऊन ती आपल्या गावात आलेली होती. तिच्या भावांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या आणि ते तिकडे राहायला गेले. ती म्हणाली, "कालव्याचं पाणी आपल्या रानात आलं, चांगलंच झालं. पण दिवाळीला माहेरची वाट कुठं बघावी, ते कळत नव्हतं बाई."

मग तिने त्या गावच्या विहिरींची नावे सांगितली. पाराची, पिंपळाची, यात्रेची गोष्ट सांगितली. मी सगळे वहीत लिहिले. नऊ पाने झाली. नंतर ती आत गेली आणि गोधडी घेऊन आली. म्हणाली, "हा टाका माझ्या आईचा. काठापासून सुरू करायचं आणि गोल गोल आत जायचं. टाका तांदळाएवढा पडला पाहिजे." गाव पाण्याखाली गेले, घर गेले. टाका आजीच्या हातात राहिला. मी रोज त्या गोधडीवर निजते आणि मला ते कधी दिसले नव्हते. आता ती मला तो टाका शिकवते आहे. माझा टाका अजून तांदळाएवढा होत नाही, हरभऱ्याएवढा होतो.

वर्गातल्या आणखी चार जणांच्या घरी असेच उत्तर मिळाले. त्या सगळ्यांच्या वहीतली पाने या लेखाच्या खाली टाचली आहेत. जरूर वाचा.

पैठण दोन हजार वर्षे टिकले. त्याचे वाडे पडले, टेकाडे झाली, राज्ये बदलली. पण आजीने नातीला, बापाने मुलाला दाखवले म्हणून कितीतरी गोष्टी चालत आल्या. एका पिढीने शिकून घेतले नाही तर पुढच्या पिढीला त्या मिळणार नाहीत. टेकाड खणून मणी सापडतो. तो मणी घडवणाऱ्याचा हात कसा फिरत होता, ते सापडत नाही.

आपल्या गावचा खजिना

येत्या महिन्यात आमचा वर्ग आपल्या गावात खजिना-शोध घेणार आहे. पाचवी आणि सहावीच्या मुलांसाठी आम्ही कोडी तयार करत आहोत. त्यासाठी जागा हव्या आहेत. जुनी बारव, वेशीचा दगड, पाटलांच्या वाड्याची चौकट, पिठाची पहिली गिरणी, कालव्याचा पहिला पूल. आणखी ठाऊक असतील तर सांगा. जागा सांगताना तिची गोष्टही सांगा, म्हणजे कोडे चांगले होते.

पालकांना विनंती अशी आहे. तुमच्यापैकी कुणाला दावे वळता येते, कुणाला सूप विणता येते, कुणाला बाज विणता येते, कुणाला गोधडीचा टाका येतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास वर्गात या आणि आम्हाला शिकवा. आमच्या आजीने होकार दिला आहे. "मला काय येतं?" असे म्हणून घरी बसू नका. तिनेही आधी तेच म्हटले होते.

पुठ्ठा, लोकर आणि सुया गुरुजींच्या कपाटात आहेत. आमच्या ३० पट्ट्या शेजारच्या फळ्यावर लावल्या आहेत. त्या हात लावून, उलटून बघायला हरकत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी